बाबांच्या जन्मसालाचा जुना रेझर शोधायचाय? आधी तारीख नक्की करा

बाबांना पंच्याहत्तरावं लागलं तेव्हा त्यांना काय द्यायचं यावर आमच्याकडे महिनाभर खल चालला होता. शाल नको, घड्याळ नको, मोबाईल तर अजिबात नको. बाबा आजही रोज सकाळी ब्रशने फेस काढून डबल एज (दोन्ही कडांना धार असलेल्या) ब्लेडनेच दाढी करतात, तर माझ्या डोक्यात आलं की ते ज्या साली जन्मले त्याच सालात बनलेला रेझर मिळाला तर? शोधायला लागले आणि कळलं की हे नुसतं जमण्यासारखंच नाहीये, तर अमेरिकन जिलेटच्या बाबतीत साल सोडा, जन्माची तिमाहीसुद्धा जुळवता येते. मला सगळं मिळून साधारण चार महिने लागले, त्यात दोन चुका होता होता वाचल्या आणि एक झालीच. तुम्हाला वडिलांसाठी, आजोबांसाठी, नवऱ्यासाठी असं काही करायचं असेल तर ते चार महिने वाचावेत म्हणून हे सगळं क्रमाने लिहितेय.

आधी खरी जन्मतारीख काढा

हे सांगायची काय गरज असं वाटेल, पण आपल्याकडे सगळ्यात मोठा घोळ इथेच आहे. आपल्या आधीच्या पिढीतल्या कितीतरी लोकांची कागदोपत्री जन्मतारीख १ जून असते. शाळेत नाव घालताना गुरुजींनी जूनमध्ये शाळा सुरू होते म्हणून अंदाजाने १ जून लावून टाकलेली असते, आणि मग तीच दाखल्यावर, नोकरीत, पेन्शनच्या कागदावर, आधारवर सगळीकडे चालत राहते. बाबांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर १ जून १९५२ आहे. मी तेच धरून १९५२ च्या दुसऱ्या तिमाहीचा रेझर शोधत बसले होते, दोन आठवडे.

मग सहज आत्याशी फोनवर बोलताना ती म्हणाली, "अगं जूनमधला कुठला, तुझा बाबा दिवाळीतला, पाडवा होऊन आठवडा झाला होता आणि घरात अजून फराळाचे डबे भरलेले होते." मग माळ्यावरच्या ट्रंकेतून पत्रिका काढली, त्यावर होतं शके १८७३, खर नाम संवत्सर, कार्तिक शुद्ध सप्तमी. म्हणजे नोव्हेंबर १९५१ चा पहिला आठवडा. साल वेगळं, तिमाहीपण वेगळी, म्हणजे रेझरच वेगळा.

तेव्हा पत्रिका असेल तर ती बघा. शके वरून इंग्रजी साल काढायचं तर चैत्रापासून डिसेंबरपर्यंतच्या जन्माला शक सालात ७८ मिळवायचे, जानेवारी ते फाल्गुन संपेपर्यंतच्या जन्माला ७९. नेमकी तारीख हवी तर त्या सालचं पंचांग लागतं, दाते पंचांगाची जुनी प्रत कुणाकडे असली तर सोनं समजा (कालनिर्णय १९७३ पासूनचं, त्यामुळे त्याच्या आधीच्यांसाठी ते कामाचं नाही), नाहीतर तिथीवरून तारीख काढून देणाऱ्या वेबसाईट आहेत त्यावर बघा. पत्रिका नसेल तर घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला विचारा. खरंच सांगते, पुरुषांना सालं आठवतात पण सण, पाऊस, पेरणी, कोण कधी पोटुशी होती हे सगळं आत्या-मावश्या-काकूंच्या डोक्यात असतं, आणि आपल्याला तिमाहीच काढायची असल्याने "गणपतीच्या आधी की नंतर" एवढं कळलं तरी बऱ्याचदा पुरतं.

जिलेटचा कोड कसा वाचायचा

आता मुद्द्याचं. बोस्टनच्या जिलेट कंपनीने १९५० च्या शेवटच्या तिमाहीपासून अमेरिकेत बनणाऱ्या रेझरवर एक अक्षर आणि एक आकडा कोरायला सुरुवात केली. अक्षर म्हणजे साल, आकडा म्हणजे तिमाही. १ म्हणजे जानेवारी ते मार्च, २ एप्रिल ते जून, ३ जुलै ते सप्टेंबर, ४ ऑक्टोबर ते डिसेंबर.

अक्षरांचा क्रम असा आहे, हा कुठेतरी लिहून ठेवा. १९५० च्या शेवटाला व्ही, १९५१ डब्ल्यू, १९५२ एक्स, १९५३ वाय, १९५४ झेड. मग परत पहिल्यापासून, १९५५ ए, १९५६ बी, १९५७ सी, १९५८ डी, १९५९ ई, १९६० एफ, १९६१ जी, १९६२ एच, १९६३ आय, १९६४ जे, १९६५ के, १९६६ एल, १९६७ एम, १९६८ एन, १९६९ ओ, १९७० पी. क्यू हे अक्षर वापरलेलंच नाही, त्यामुळे १९७१ ला थेट आर, १९७२ एस, १९७३ टी, १९७४ यू, १९७५ व्ही, १९७६ डब्ल्यू, १९७७ एक्स, १९७८ वाय, १९७९ झेड, आणि १९८० ला परत ए पासून सुरू.

म्हणजे बाबांचा नोव्हेंबर १९५१ चा जन्म, तर मला हवा होता डब्ल्यू ४. दाखल्यावरच्या १ जून १९५२ वर गेले असते तर एक्स २ घेऊन बसले असते.

कोड असतो डोक्याच्या खालच्या बाजूला. रेझरची दांडी वर करून उलटा धरा, ब्लेडखालची जी पट्टी दिसते तिच्यावर जिलेटचं नाव, मेड इन यूएसए वगैरे असतं, तिथेच बऱ्याचदा एका बाजूला अक्षर आणि दुसऱ्या बाजूला आकडा. तीन तुकड्यांत सुटणारा टेक नावाचा साधा रेझर असतो, त्याच्या खालच्या प्लेटवर बघायचं. अक्षरं बारीक असतात, त्यावर साबणाचा जुना थर बसलेला असतो, त्यामुळे फोटोत दिसत नाही म्हणजे कोड नाही असं लगेच समजू नका.

दोन गोष्टींत लोक फसतात, मीपण फसता फसता वाचले.

पहिली, अक्षर २५ वर्षांनी परत येतं. डब्ल्यू म्हणजे १९५१ पण असेल नाहीतर १९७६ पण. वाय म्हणजे १९५३ किंवा १९७८. मग ओळखायचं कसं, तर अंगावरून. १९५१ चा सुपर स्पीड (हे जिलेटचं एक मॉडेल, त्याबद्दल पुढे सांगतेच) संपूर्ण धातूचा, दांडी सरळ, खालची घुंडी दांडीएवढीच जाड. १९७६ च्या सुपर स्पीडला काळ्या प्लॅस्टिकचं आवरण असलेली दांडी असते, ती १९६६ पासून आली. त्यामुळे अक्षर आणि मॉडेल दोन्ही जुळले तरच साल पक्कं धरायचं.

दुसरी, डब्ल्यू आणि एम. फोटो उलटा काढलेला असला की १९६७ चा एम हा डब्ल्यू दिसतो! एका विक्रेत्याने डब्ल्यू लिहून टाकलेलं होतं, किंमतपण बरी होती, मी घ्यायलाच निघाले होते, मग फोटो मोठा करून फिरवून पाहिला तर शेजारची मेड इन यूएसए ची अक्षरं उलटी होती, आणि दांडी काळी. तेव्हा कोड वाचताना शेजारचा मजकूर सुलटा करून मगच वाचा, हा नियम करून टाका.

कोणत्या सालाला कोणता रेझर मिळू शकतो

साल कळलं की त्या साली काय बनत होतं हे माहीत असलं पाहिजे, नाहीतर अस्तित्वातच नसलेली गोष्ट शोधत बसाल.

सुपर स्पीड हा सगळ्यात सोपा पर्याय. १९४७ मध्ये आला आणि रूप बदलत बदलत १९८० च्या दशकापर्यंत बनत राहिला, त्यामुळे कोड असलेलं जवळजवळ कुठलंही साल असो, सुपर स्पीड मिळण्याची शक्यता सगळ्यात जास्त. खालची घुंडी फिरवली की वरची दोन दारं फुलपाखराच्या पंखांसारखी उघडतात, ब्लेड ठेवायचं, उलटं फिरवायचं, बंद. बाबांच्या हातात दिला तेव्हा पहिली पाच मिनिटं ते नुसतं उघड-मीट करत होते. सुरुवातीच्या सुपर स्पीडमध्ये मधल्या पट्टीला खाचा असतात, त्या ब्लेडच्या डबीतून ब्लेड थेट सरकवून रेझरवर घेता यावं म्हणून, तेव्हा खाच दिसली तर तुटलंय की काय असं समजू नका. १९५४ पासून घुंडी खाली पसरट झाली, त्याला फ्लेअर टिप म्हणतात, ती १९६६ पर्यंत चालली. १९५० च्या दशकाच्या मध्यावर लाल आणि निळ्या टोकाचेपण आले, लाल राठ दाढीसाठी जड, निळा मऊ दाढीसाठी हलका. १९५५ ते ५८ च्या आसपासचा जन्म असेल तर लाल टोकाचा जरूर बघा, दिसायला फार देखणा असतो.

जन्म १९५८ ते १९६१ मधला असेल तर फॅटबॉय मिळू शकतो. जिलेटचा हा जाडजूड ॲडजस्टेबल, किंमत एक डॉलर पंच्याण्णव सेंट होती म्हणून त्याला १९५ पण म्हणायचे. दांडीच्या वर १ ते ९ आकड्यांची चकती असते, आकडा वाढवाल तसं ब्लेड जास्त बाहेर येतं. याला मागणी खूप, त्यामुळे किंमत चढी असते, आणि म्हणूनच लोक कुठल्याही ॲडजस्टेबलला फॅटबॉय म्हणून विकतात. १९६१ ते १९६८ चा बारीक दांडीचा असतो तो स्लिम, तोही उत्तमच आहे, खरं सांगायचं तर हातात धरायला मला स्लिम जास्त आवडला, पण फॅटबॉयच्या भावात घेऊ नका. १९६९ पासून पुढे काळ्या दांडीचा सुपर ॲडजस्टेबल. नवऱ्याचा जन्म सत्तरीतला किंवा ऐंशीच्या सुरुवातीचा असेल तर हाच शोधायचा.

१९५० च्या आधीच्या जन्माला काय करायचं? आजोबांसाठी शोधणाऱ्यांना हा प्रश्न येणारच. तिथे तिमाही विसरा, कोडच नाही. मॉडेलवरून काळ ठरवायचा. १९४७ ते ५० साठी कोड नसलेला, खाचेचा सुपर स्पीड. १९३८ पासून टेक, त्यात युद्धाच्या आधीच्या टेकच्या खालच्या प्लेटला त्रिकोणी भोकं असतात आणि नंतरच्याला लांबट, एवढ्यावरून बराच अंदाज येतो. दार उघडणारे पहिले रेझर १९३४ चे. १९३० मध्ये न्यू नावाचं मॉडेल आलं. १९२१ मध्ये न्यू इम्प्रूव्हड, कारण १९०४ मध्ये मिळालेल्या पहिल्या पेटंटची मुदत तेव्हा संपत आली होती आणि नक्कल करणारे टपून बसले होते. त्याच्याही आधीच्या रेझरवर सिरियल नंबर असतात आणि त्यावरून साल काढायचे तक्ते आहेत, पण ते अंदाज म्हणून धरा, शपथेवर सांगण्यासारखे नाहीत. भेट देताना "१९४० च्या सुमाराचा" असं म्हटलं तर त्यात कमीपणा काही नाही, खोटं साल छापून देण्यापेक्षा ते कितीतरी चांगलं.

आणि एक. आपल्याकडच्या जुन्या बाजारात जे जिलेट दिसतात त्यावर कितीदा मेड इन इंग्लंड असतं. लंडनच्या आयझलवर्थमधल्या कारखान्यातले, दर्जाने सुंदर असतात, काही अमेरिकनपेक्षाही चांगले, पण त्यातल्या बऱ्याच रेझरवर हा अक्षर-आकड्याचा कोड नसतो. त्यामुळे "दशक जुळलं तरी चालेल" असं असेल तर जरूर घ्या, साल जुळवायचंच असेल तर मेड इन यूएसए.

दुसऱ्या कंपन्यांचे रेझर दिसतील, शिक, जेम, एव्हर-रेडी. त्यांना हात लावण्याआधी ब्लेडचा विचार करा. शिकच्या इंजेक्टरला किंवा जेमला वेगळ्याच आकाराचं ब्लेड लागतं, ते आपल्याकडे दुकानात मिळत नाही. जिलेटचा फायदा हाच की १९०४ च्या रेझरलासुद्धा आजचं साधं डबल एज ब्लेड बसतं.

कुठे शोधायचा

मी सुरुवात पुण्याच्या जुन्या बाजारापासून केली, रविवारी आणि बुधवारी भरतो तो. दोन रविवार गेले, रेझर मिळाले, पण एकही १९५१ चा नाही. मुंबईत चोर बाजारात मटन स्ट्रीटला पितळी सामानाच्या दुकानांत डब्यात पडलेले असतात, तिथे दुकानदाराला "जुना दाढीचा रेझर, उघडणारा" असं सांगा, सेफ्टी रेझर म्हटलं की प्लॅस्टिकचा काढून देतात. असा हातात घेऊन घेण्याची मजा वेगळीच आहे आणि स्वस्तही पडतं, पण नेमकं साल-तिमाही हवी असेल तर बाजारात फिरून मिळणं निव्वळ नशीब.

नेमका कोड हवा तर ईबे, म्हणजे जुन्या-नव्या वस्तूंची ऑनलाइन खरेदी-विक्री होते ती परदेशी वेबसाईट. तिथे शोधायची माझी पद्धत दोन टप्प्यांत होती. आधी नाव आणि कोड टाकून, म्हणजे जिलेट सुपर स्पीड डब्ल्यू ४ असं, शिवाय साल टाकूनही. यात येतात ते जाणकार विक्रेते, माल चांगला असतो, किंमत पूर्ण लावलेली असते. मग दुसरा टप्पा, नुसतं जुना जिलेट रेझर एवढंच टाकून, आणि आलेल्या प्रत्येक लिस्टिंगचे फोटो मोठे करून बघणं. ज्यांना घर रिकामं करताना आजोबांच्या कपाटात रेझर सापडला आणि त्यांनी तसाच टाकून दिला, त्यांना कोड माहीतच नसतो, त्यांच्याकडे भाव निम्म्याच्या आसपास मिळाला मला. रोज रात्री जेवण झाल्यावर अर्धा तास, असं सहा आठवडे बघत होते. खालच्या बाजूचा फोटो नसेल तर विक्रेत्याला दोन ओळींचा मेसेज टाका, की खालून जवळून एक फोटो पाठवाल का, माझ्या वडिलांच्या जन्मसालाचा शोधतेय. कारण सांगितलं की लोक खरंच मदत करतात, एका आजींनी तर सुईने साबण कोरून काढून मग फोटो पाठवला, त्यांचा निघाला एक्स ३, माझ्या कामाचा नव्हता, पण त्यांनी बाबांना शुभेच्छा पाठवल्या.

माझी झालेली चूक पण सांगते. एका विक्रेत्याकडे डबी, पत्रक, ब्लेडची जुनी पाकिटं असा पूर्ण सेट होता, वर्णनात १९५१ लिहिलेलं, मी रेझरच्या खालचा फोटो मागितलाच नाही. आला तेव्हा रेझर १९५६ चा, बी २. डबी जुनीच होती, फक्त तिच्यात रेझर दुसरा घातलेला. डब्या आणि रेझर अशी अदलाबदल सर्रास झालेली असते, विक्रेत्याला स्वतःलाही माहीत नसतं. त्यामुळे साल फक्त रेझरवरच बघायचं, डबीवर कधीच नाही.

भारतात मागवताना किंमतीत शिपिंग, कस्टम ड्युटी आणि कुरिअर कंपनीचे चार्जेस धरूनच बजेट करा, नाहीतर रेझरपेक्षा येण्याचा खर्च जास्त होतो. मी शेवटी न्यू जर्सीतल्या मावसभावाच्या पत्त्यावर मागवला आणि तो डिसेंबरात आला तेव्हा घेऊन आला. असं कुणी आणणार असेल तर त्याला सांगा की चेक-इन बॅगेतच टाक, ब्लेड तर हँडबॅगेत चालतच नाही, आणि नुसता रेझर असला तरी सिक्युरिटीवर समजावत बसायची वेळ कशाला आणायची.

घेण्याआधी काय तपासायचं

फोटोवरून किंवा हातात घेऊन, दोन्हीकडे हेच बघायचं. दारं पूर्ण बंद होतात का आणि दोन्ही सारखी बसतात का. समोरून प्रकाशाकडे धरून बघा, एक दार वर एक खाली असेल तर रेझर कधीतरी पडलेला आहे, ब्लेड एका बाजूने जास्त बाहेर येणार आणि कापणार. ब्लेडखालची दातेरी कड वाकलेली नको. घुंडी फिरताना अडकत असेल तर ते चालतं, ते नव्वद टक्के वेळा आत सुकलेला साबण असतो. ॲडजस्टेबल असेल तर चकती १ पासून ९ पर्यंत फिरवून ब्लेडची पट्टी खरंच वर-खाली होते का ते विचारा, आणि चकती फिरवताना दारं थोडी सैल करून मगच फिरवायची, घट्ट असताना जोर लावला की आतलं बिघडतं.

खूप जुन्या रेझरची दांडी पोकळ नळीची असते, तिच्या वरच्या टोकाला मानेशी केसाएवढी चीर असते कधीकधी, ती बघा. हिरवट कळंक दिसला तर घाबरू नका, आत पितळच आहे, पितळेला येतो तसा तो येतो आणि निघतो. पण मुलामा उडून पिवळं पितळ दिसत असेल तर ते परत येत नाही.

मग काहीजण म्हणतात आपल्याकडे प्लेटिंगवाले आहेत, नवा मुलामा करून घेऊ. करून मिळतो, चकाचक होतो, पण मुलामा करायच्या आधी बफिंग करतात आणि त्यात ते बारीक अक्षर-आकडा पुसट होतात. जो कोड शोधायला एवढी धडपड केली तोच गेला तर काय उरलं? माझं मत विचाराल तर चार ओरखडे असलेला मूळ रेझरच द्या. पंच्याहत्तर वर्षांच्या माणसाला पंच्याहत्तर वर्षांचा रेझर देताय, थोडे डाग असणारच दोघांनाही.

साफसफाई

इथे आपल्या घरात एक धोका आहे. पितळ म्हटलं की आई चिंच घेऊन येते, नाहीतर तांब्या-पितळेची भांडी घासायची पावडर. अजिबात नको! वरचा मुलामा निकेलचा असतो, काहींना सोन्याचा पातळ थर असतो, चिंच-लिंबू-व्हिनेगर यांनी तो खराब होतो आणि पावडरने घासला जातो.

कोमट पाण्यात भांड्यांचा लिक्विड साबण टाकून रेझर अर्धा-पाऊण तास बुडवून ठेवा, उकळतं पाणी नको, चकतीवरच्या आकड्यांचा रंग निघतो. मग मऊ जुना टूथब्रश घेऊन दारं उघडून, मिटून, परत उघडून हळूहळू घासा, बिजागिरीच्या फटीत टूथपिक फिरवा. पहिल्यांदा जे राखाडी पाणी निघतं ते कुणाच्या तरी साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या दाढीच्या साबणाचं, मला ते बघून जरा गलबलून आलं होतं. तीन-चार वेळा करावं लागेल. शेवटी स्वच्छ धुवून, पुसून, मेडिकलमधून आणलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये दहा मिनिटं ठेवा (प्लॅस्टिकची दांडी असेल तर नुसतं कापसाने पुसा), दुसऱ्याच्या वापरातली वस्तू आहे, हे टाळू नका. पूर्ण वाळला की घुंडीच्या सांध्यात शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब. अडकलेली घुंडी पक्कड लावून फिरवू नका, परत साबणाच्या पाण्यात ठेवा, रात्रभर ठेवा, सुटते.

देताना आणि पहिली दाढी

मी छोट्या लाकडी डबीत जुन्या धोतराचं कापड घालून त्यावर रेझर ठेवला, सोबत एक कार्ड, त्यावर कोडचा अर्थ, बोस्टन, ऑक्टोबर ते डिसेंबर १९५१, आणि खाली पत्रिकेतली तिथी. रेझरवर नाव वगैरे कोरून घेऊ नका, कोरायचं तर डबीवर कोरा.

ब्लेडचं एक पाकीट सोबत द्या, सेव्हन ओ'क्लॉक, टोपाझ, जे त्यांना सवयीचं असेल तेच, पहिल्या दिवशी नवीन धारदार परदेशी ब्लेडचा प्रयोग नको. जुन्या रेझरचं वजन असतं, ते स्वतःच काम करतं, दाबायचं नाही, डोकं गालाला टेकवून साधारण तीस अंशात धरायचं आणि नुसतं ओढायचं. ॲडजस्टेबल असेल तर ३ वर ठेवून सुरुवात करा. जवळ तुरटीचा खडा असू द्या. आणि वडील रक्त पातळ करायच्या गोळ्या घेत असतील किंवा हात थरथरत असेल तर हट्ट धरू नका, तो रेझर कपाटात, आरशाशेजारी दिसत राहिला तरी खूप आहे.

बाबांनी दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीपेक्षा अर्धा तास लवकर उठून दाढी केली. मग आत्याला फोन लावला आणि म्हणाले, "ताई, हा आणि मी एकाच दिवाळीतले गं."

दाढी झाली की दारं उघडून वाहत्या पाण्याखाली धरा, झटका, उघडाच ठेवून वाळू द्या, ब्लेड काढून पुसायच्या भानगडीत पडू नका, बोट कापतं. पावसाळ्यात, आणि कोकण-गोव्याकडे तर बाराही महिने, बाथरूममध्ये ठेवू नका, खोलीत ठेवा. आठवड्यातून एकदा कोमट साबणाच्या पाण्याने धुवा, दोन-तीन महिन्यांनी तेलाचा थेंब.

आणि वापरलेली ब्लेडं कचऱ्याच्या पिशवीत सुटी टाकू नका, कचरा वेचणाऱ्या बायका हातानेच वेगळं करतात. एखादा घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा घ्या, झाकणाला ब्लेड जाईल एवढी चीर पाडा, कडेने चिकटपट्टी लावून झाकण पक्कं करा आणि त्यात टाकत जा, असा एक डबा कितीतरी वर्षं पुरतो. भरला की वर ठळक अक्षरात "ब्लेड" लिहून, गोळा करायला येणाऱ्या ताईंच्या हातात सांगूनच द्या.